बीथोवनचा पुतण्या आणि बीथोवनचे चरित्रकार

लुडविग व्हान बीथोवन २६ मार्च १८२७ रोजी व्हिएन्नात वारला, तेव्हा त्याच्या घरात जाडजूड वह्यांचा एक गठ्ठा होता. कानांनी साथ सोडल्यावर भेटायला येणारी माणसे त्याच्याशी जे बोलायचे ते या वह्यांत लिहून दाखवीत. १८१८ पासून हा क्रम अखेरपर्यंत चालला. स्वयंपाकिणीचा हिशेब, प्रकाशकांशी चाललेली घासाघीस, वर्तमानपत्रातून टिपून घेतलेल्या पुस्तकांच्या जाहिराती, वकिलांचे सल्ले, पुतण्याची कुरकुर असे सारे काही त्यांत आहे. मात्र बीथोवन स्वतः बहुधा तोंडानेच उत्तर देई. त्यामुळे संभाषणाची एकच बाजू कागदावर उतरली. कोणी टेलिफोनवर बोलत असावे आणि शेजारी बसून आपण ते ऐकावे, तसा या वह्या वाचण्याचा अनुभव आहे.

या वह्यांत मध्येमध्ये कोरी जागा राहिली होती. बीथोवनच्या मृत्यूनंतर ती जागा एका माणसाने भरून काढली आणि त्या मजकुराच्या आधारे जगाला शे-सव्वाशे वर्षे एक बीथोवन दाखवला. त्या बीथोवनपुढे त्याच्या घरची माणसे फार लहान, फार हलकी दिसतात. ती खरोखर तशी होती का, हे पाहायचे तर त्या घराची हकिकत मुळापासून पाहिली पाहिजे.

घराणे मूळचे फ्लँडर्समधले, म्हणजे आजच्या बेल्जियममधले. आजोबांचे नावही लुडविगच. मेखेलेनचे हे गृहस्थ बॉनला आले आणि तेथील इलेक्टरच्या दरबारात संगीतप्रमुखाच्या पदापर्यंत पोहोचले. जोडीला त्यांचा मद्याचा व्यापार होता आणि त्या मद्याने घराचा घात केला. आजीला व्यसनापायी मठात ठेवावे लागले. वडील योहान दरबारी गायक. त्यांचा आवाज आणि नोकरी या दोन्ही गोष्टी दारूने गिळल्या. आई मारिया माग्दालेना हिला सात मुले झाली, त्यांतली तीन जगली. लुडविग थोरला. त्याचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० रोजी झाला. त्याच्या पाठचे कास्पर कार्ल आणि निकोलाउस योहान.

मुलाच्या बोटांतले कसब पाहून वडिलांना मोत्सार्टच्या बालपणीची कीर्ती आठवली. मार्च १७७८ मध्ये कोलोन येथे त्यांनी मुलाला लोकांसमोर बसवले आणि जाहिरातीत त्याचे वय सहा वर्षे छापले. मुलगा सात उलटून तीन महिन्यांचा होता. या फेरफाराचा परिणाम विलक्षण झाला. बीथोवनला स्वतःचे खरे वय कित्येक वर्षे पटले नाही. १८१० मध्ये लग्नाचा विचार मनात असताना त्याने बालमित्र वेगेलर याच्याकडून बाप्तिस्म्याचा दाखला मागवला आणि आपल्याआधी याच नावाचा एक भाऊ जन्मला होता, तेव्हा त्याचा दाखला चुकून पाठवू नकोस, असे बजावले. तो भाऊ १७६९ मध्ये जन्मून सहा दिवसांत गेला होता. १७७० चा दाखला हाती आला तरी बीथोवनची खात्री पटली नाही.

जुलै १७८७ मध्ये आई क्षयाने गेली. १७८९ मध्ये अठरा वर्षांच्या लुडविगने दरबारात अर्ज केला की, वडिलांचा अर्धा पगार भावांच्या संगोपनासाठी माझ्या हाती द्यावा. तो मंजूर झाला. म्हणजे वडील हयात असताना घराचे कर्तेपण थोरल्या मुलाकडे आले. पुढे त्याने भावांच्या आणि पुतण्याच्या आयुष्यात जो धुमाकूळ घातला, त्याचे मूळ या अर्जात आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कर्ता झालेला मुलगा मग कधीच नुसता भाऊ राहिला नाही.

नोव्हेंबर १७९२ मध्ये तो हायडनकडे शिकायला व्हिएन्नाला गेला आणि महिन्याभरात वडील वारले. बॉनला तो पुन्हा परतला नाही. यथावकाश दोन्ही भाऊ व्हिएन्नात आले. एक सरकारी खात्यात चिकटला, दुसऱ्याने औषधविक्रीचा व्यवसाय धरला. थोरल्याचे नाव सरदारांच्या दिवाणखान्यांत दुमदुमत होते आणि नेमक्या त्याच काळात, १७९८ च्या सुमारास, त्याच्या कानांत आवाज घुमू लागले. १८०१ मध्ये त्याने ही गोष्ट दोघा दूरच्या मित्रांना पत्राने कळवली. ऑक्टोबर १८०२ मध्ये हायलिगेनश्टाट या खेड्यात राहून त्याने दोन्ही भावांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. बहिरेपणाची लाज, आत्महत्येचा विचार आणि कलेसाठी जगण्याचा निर्धार त्यात आहे. पत्र त्याने धाडले नाही. ते मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडले. त्यात कार्लचे नाव लिहिलेले आहे, पण जेथे जेथे योहानचे नाव यायला हवे तेथे जागा कोरी सोडलेली आहे. वडिलांचेच नाव धारण करणाऱ्या भावाचे नाव लिहायला हात धजला नसावा, असा एक तर्क आहे.

यानंतरच्या दहा वर्षांतले संगीत जगजाहीर आहे. तिसरी सिम्फनी, पाचवी, सहावी, व्हायोलिन कन्चेर्तो, ‘फिडेलिओ’ हा ऑपेरा. पाचवी आणि सहावी २२ डिसेंबर १८०८ रोजी एकाच कार्यक्रमात, गारठलेल्या नाट्यगृहात, चार तासांच्या मैफलीत प्रथम वाजल्या. या वैभवाविषयी मराठीतही लिहून झाले आहे. घरातली हकिकत त्या मानाने कमी सांगितली गेली आहे.

१८०६ मध्ये कास्पर कार्लने योहाना राइस हिच्याशी लग्न केले. ती गाद्या-पडद्यांचे काम करणाऱ्या एका सुखवस्तू कारागिराची मुलगी. थोरल्या दिरांना ती पसंत नव्हती. लग्नानंतर काही महिन्यांतच मुलगा झाला, त्याचे नाव कार्ल. १८१२ मध्ये दुसरा भाऊ योहान आपल्या घर सांभाळणाऱ्या तेरेझेबरोबर राहतो आहे हे कळताच बीथोवन थेट लिंट्झला पोहोचला. बिशप आणि पोलिस यांच्याकडे जाऊन त्याने तिला गावाबाहेर घालवण्याची खटपट केली. योहानने तिच्याशी लग्न लावून प्रश्न निकालात काढला. याच वर्षीच्या जुलैत बीथोवनने त्या सुप्रसिद्ध अनामिक प्रेयसीला पत्र लिहिले होते आणि भावाकडच्या याच मुक्कामात आठवी सिम्फनी पूर्ण केली. एकाच माणसात हे सारे मावत होते!

कास्पर कार्ल क्षयाने अंथरुणाला खिळला. नोव्हेंबर १८१५ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, त्याने मृत्युपत्रात पत्नी आणि भाऊ या दोघांना मुलाचे पालक नेमले. बीथोवनने आग्रह धरून पत्नीचा उल्लेख काढायला लावला. हे लक्षात येताच मरणाऱ्या माणसाने त्याच दिवशी पुरवणी जोडली: मुलाला आईपासून तोडू नये आणि दोघांनी मिळून त्याचा सांभाळ करावा. दुसऱ्या दिवशी तो गेला. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता.

भावाची ही शेवटची इच्छा बीथोवनने पाळली नाही. पुढची चार वर्षे तो कोर्टात होता. योहानाला १८११ मध्ये मोत्यांच्या हाराच्या एका प्रकरणात शिक्षा झाली होती. तिचा आधार घेऊन ती आई म्हणवून घ्यायला लायक नाही, असे त्याने मांडले. मोत्सार्टच्या ‘जादूची बासरी’ या ऑपेरातील दुष्ट राणीचे नाव त्याने भावजयीला दिले होते. १८१६ च्या जानेवारीत सरदार-उमरावांच्या न्यायालयाने मुलगा त्याच्या हवाली केला. मुलाची रवानगी निवासी शाळेत झाली आणि आईच्या भेटींवर बंधने आली. डिसेंबर १८१८ मध्ये मुलगा पळून आईकडे गेला. त्यानंतरच्या सुनावणीत बीथोवन घराणे सरदारांपैकी आहे का, असा प्रश्न निघाला. आडनावातील ‘व्हान’ हा डच शब्द मानाचा नसून नुसता गावदर्शक होता. कागद दाखवता येईनात. दावा सामान्य नागरिकांच्या न्यायालयात गेला, तेथे १८१९ मध्ये निकाल आईच्या बाजूने लागला आणि एप्रिल १८२० मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला. बीथोवन जिंकला. योहानाने सम्राटाकडे दाद मागितली, तीही फेटाळली गेली. त्याच वर्षी योहानाला, विधवा असताना, एक मुलगी झाली. तिचे नाव तिने लुडोविका ठेवले. लुडविग या नावाचे ते स्त्रीरूप आहे. याचा अर्थ काय लावायचा यावर अभ्यासकांची अजून चर्चा चालते.

या झगड्याच्या वर्षांत बीथोवनच्या हातून फार थोडे लिहिले गेले. जे लिहिले गेले, ते ‘हामरक्लाविअर’ सोनाटा आणि ‘मिसा सोलेम्निस’चा आरंभ या तोलाचे होते, ही गोष्ट वेगळी. मुलगा बुद्धिमान होता. त्याने व्हिएन्ना विद्यापीठात भाषांचा अभ्यास केला, मग तंत्रशाळेत प्रवेश घेतला. त्याला सैन्यात जायचे होते आणि काकांना ते मान्य नव्हते. काका त्याच्या मित्रांची चौकशी करी, पैशांचा हिशेब मागे, पाळत ठेवी आणि लगेच प्रेमाने ओथंबलेली पत्रे पाठवी. १८२६ च्या ऑगस्टमध्ये कार्लने घड्याळ गहाण टाकून दोन पिस्तुले घेतली. बाडेनजवळच्या राउहेनश्टाइन किल्ल्याच्या पडक्या भिंतींत जाऊन त्याने स्वतःवर गोळ्या झाडल्या. पहिली चुकली, दुसरी कवटीला घासून गेली. जखमी अवस्थेत त्याला नेण्यात आले ते आईच्या घरी.

इस्पितळातून सुटल्यावर काका-पुतणे ग्नाइक्सेनडॉर्फ येथे योहानच्या मळ्यावर गेले. जखमेवर केस वाढेपर्यंत कार्लला सैन्यात घेणार नव्हते. त्या दोन महिन्यांत बीथोवनने अखेरचा स्ट्रिंग क्वार्टेट पुरा केला आणि आधीच्या एका क्वार्टेटसाठी नवा शेवट लिहिला. तो शेवट चक्क प्रसन्न आहे. डिसेंबरच्या थंडीत दोघे व्हिएन्नाला परतले, तेव्हा बीथोवन आजारी होता. जानेवारी १८२७ च्या २ तारखेला कार्ल पलटणीकडे निघाला. दुसऱ्याच दिवशी बीथोवनने आपल्या वकिलाला पत्र लिहून सर्व मालमत्ता पुतण्याच्या नावे केली. दोघांची पुन्हा भेट झाली नाही.

आता चरित्रकारांकडे वळू. बीथोवनने आपले चरित्र लिहिण्याचा अधिकार ऑगस्ट १८२६ मध्ये लेखी स्वरूपात दिला होता तो कार्ल होल्त्स या तरुण व्हायोलिनवादकाला. होल्त्सने काही लिहिले नाही. १८३८ मध्ये वेगेलर आणि शिष्य फर्डिनांड रीस यांच्या आठवणींचे छोटे पुस्तक निघाले. त्यात माणूस दिसतो: चिडका, विसराळू, विनोदी आणि पस्तावणारा. या पुस्तकाला शह देण्याच्या ईर्षेने १८४० मध्ये आन्टोन शिंडलर पुढे सरसावला.

शिंडलर मोरावियातला. तो व्हिएन्नाला कायदा शिकायला आला आणि व्हायोलिन वाजवू लागला. १८२२ च्या सुमारास तो बीथोवनचा बिनपगारी चिटणीस झाला. मे १८२४ मध्ये नवव्या सिम्फनीच्या मैफलीचे उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी निघाले, तेव्हा बीथोवनने भर जेवणात त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप करून त्याला दूर केले. तो परतला तो अखेरच्या आजारात. एवढ्या भांडवलावर त्याने स्वतःला बीथोवनचा दीर्घकाळचा जिवलग म्हणून मिरवले. भेटपत्रावर तशी पदवी छापून घेतल्याबद्दल कवी हाइनेने त्याची टिंगल केली होती. गंमत अशी की, बीथोवनने प्राण सोडला तेव्हा हा जिवलग घरात नव्हता. तो थडग्याची जागा पाहायला गेला होता.

वह्यांचा गठ्ठा शिंडलरच्या हाती आला. १८४६ मध्ये त्याने त्यांतल्या १३७ वह्या बर्लिनच्या राजग्रंथालयाला दिल्या आणि बदल्यात तहहयात वर्षासन मिळवले. मूळच्या ४०० होत्या आणि उरलेल्या त्याने जाळल्या, असा समज पुढे रूढ झाला. तो आकडा फार फुगवलेला असावा, असे अमेरिकी अभ्यासक थिओडोर अल्ब्रेक्ट यांनी अलीकडे दाखवले आहे. जाळण्याचा आरोप डळमळीत असला तरी दुसरा आरोप पक्का आहे. १९७७ मध्ये वह्यांचे संपादन करणाऱ्या ग्रिटा हेरे आणि डाग्मार बेक यांनी पूर्व बर्लिनमध्ये जाहीर केले की, शिंडलरच्या हस्ताक्षरातील शेकड्यावर नोंदी बीथोवनच्या मृत्यूनंतर घुसडलेल्या आहेत. १८१९-२० च्या वह्यांत, जेव्हा दोघांची धड ओळखही नव्हती, तेव्हा तो गुरूशी संगीतावर गहन चर्चा करताना दिसतो. कोऱ्या जागेत बसून त्याने स्वतःसाठी एक मैत्री रचली होती. मेट्रोनोमच्या टकटकीवर बेतलेला विनोदी कॅननही त्याचीच करामत ठरला. पाचव्या सिम्फनीचे पहिले चार सूर म्हणजे दारावर पडणारी नियतीची थाप, ही प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असलेली कथा त्याच्याच पुस्तकातून आली. ती खरी की खोटी, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

सुरांविषयीच्या थापा फारशा बाधत नाहीत. माणसांविषयीच्या बाधतात. शिंडलरला कार्ल आणि योहान हे दोघेही डोळ्यांसमोर नकोसे. त्याने जगभर पसरवलेल्या एका हकिकतीनुसार, व्हिएन्नाला परतल्यावर काकांसाठी डॉक्टर आणायचा सोडून कार्ल बिलियर्ड खेळत बसला आणि उपचारांना उशीर झाला. त्याच वह्यांतल्या अस्सल नोंदी वेगळे सांगतात. डॉक्टर वावरुख काही दिवसांतच घरी आले होते आणि डिसेंबरभर रुग्णाच्या उशाशी राहून सेवा करणारा कार्लच होता. परंतु नालायक पुतण्याने महापुरुषाचा बळी घेतला, ही कथा जास्त सोयीची होती.

ही गुंतागुंत प्रथम हेरली ती एका अमेरिकनाने. अलेक्झांडर व्हीलॉक थेयर हार्वर्डच्या ग्रंथालयात नोकरीला असताना शिंडलरचे पुस्तक आणि वेगेलर-रीस यांच्या आठवणी शेजारी ठेवून वाचू लागला, तर दोहोंचे जुळेना. १८४९ मध्ये तो जर्मन शिकायला युरोपात गेला आणि उरलेले बहुतेक आयुष्य त्याने यातच घालवले. वृत्तपत्रांत लिहून पोट भरावे, गावोगाव फिरून हयात साक्षीदार गाठावेत, चर्च आणि कोर्टांची दप्तरे उतरून घ्यावीत, असा त्याचा क्रम होता. पुढे त्रिएस्तला अमेरिकेचा कॉन्सल म्हणून नेमणूक झाली, तेव्हा कुठे त्याला स्थैर्य लाभले. १८६६, १८७२ आणि १८७९ मध्ये तीन खंड निघाले, तेही हेरमान डाइटर्सने केलेल्या जर्मन अनुवादात. तत्त्वज्ञान नाही, स्तुतिस्तोत्रे नाहीत. तारीख, कागद, साक्ष. योहान कंजूष असेल, पण दुष्ट नव्हता, हे त्याने पुराव्यानिशी दाखवले.

तिसरा खंड १८१६ पाशी थांबला. पालकत्वाचा खटला जेथे पेट घेतो नेमकी तीच जागा. थेयर आणखी अठरा वर्षे जगला, टिपणांचे ढीग तयार होते, पण बीथोवनचे काम हाती घेतले की त्याला असह्य डोकेदुखी होई. १८९७ मध्ये तो वारला. ग्रंथ डाइटर्स आणि हुगो रीमान यांनी १९०८ पर्यंत पुरा केला. ज्या माणसासाठी आयुष्य वाहिले, त्याच्या हातून एका आईवर आणि मुलावर झालेला अन्याय लिहिणे थेयरला जमले नसावे, असा कयास काही अभ्यासकांनी केला आहे. तो पटण्यासारखा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी वाऱ्याची दिशा पुन्हा फिरली. १९०३ मध्ये रोमाँ रोलाँ यांचे छोटेखानी चरित्र आले. त्यात बीथोवन म्हणजे दुःखावर मात करणारा वीर आणि पुतण्या कृतघ्न. पुस्तकाचा प्रभाव प्रचंड होता आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. बीथोवनच्या संगीताने झपाटलेली मॅडलीन स्लेड ही इंग्रज तरुणी रोलाँना भेटायला गेली. त्यांनी तिला आपण लिहिलेल्या गांधीचरित्राविषयी सांगितले आणि १९२५ मध्ये ती साबरमतीला आली. याच मीराबेन. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामशी आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील १९४२ ते ४४ च्या स्थानबद्धतेशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १९५९ मध्ये भारत सोडल्यावर त्या ऑस्ट्रियात, बीथोवन जेथे रानोमाळ भटकला त्या मुलुखात स्थायिक झाल्या आणि १९८२ मध्ये तेथेच वारल्या. डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी रोलाँकडे उतरले होते, तेव्हा त्यांच्या विनंतीवरून रोलाँनी पाचव्या सिम्फनीतला संथ भाग पियानोवर वाजवून दाखवला होता.

वीरपूजेची प्रतिक्रिया १९५४ मध्ये उमटली. एडिथा आणि रिचर्ड श्टेर्बा या मनोविश्लेषक दांपत्याने काका-पुतण्यांच्या नात्यावर पुस्तक लिहून बीथोवनला जवळजवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तेही एकांगीच. १९७७ मध्ये मेनार्ड सॉलोमन यांच्या चरित्रात तोल सापडला. वयाविषयीचा भ्रम, सरदारकीचा भ्रम आणि दुसऱ्याच्या मुलाला आपला म्हणण्याचा हट्ट या एकाच मनाच्या गाठी आहेत, हे त्यांनी उलगडून दाखवले. बीथोवन हा प्रशियाच्या राजाचा अनौरस पुत्र असल्याची अफवा १८१० पासून कोशांत छापली जात होती. आईच्या अब्रूवर शिंतोडे उडवणाऱ्या या मजकुराचे खंडन त्याने सोळा वर्षे केले नाही. वेगेलरने डिवचल्यावर, मृत्यूला चार महिने उरले असताना, कुठे त्याने तसे पत्र लिहिले.

आणि यावरचा शेवटचा कागद प्रयोगशाळेतून आला. मार्च २०२३ मध्ये संशोधकांनी बीथोवनच्या म्हणून जपलेल्या केसांच्या आठ बटांचे जनुकीय परीक्षण प्रसिद्ध केले. पाच अस्सल ठरल्या. पूर्वी जिच्या आधारे शिशाच्या विषबाधेची कथा गाजली, ती बट एका स्त्रीची निघाली. यकृताच्या विकाराची आनुवंशिक प्रवृत्ती आणि ‘हिपॅटायटिस बी’चा संसर्ग अस्सल केसांत आढळला. अस्सल बटांतही शिसे भरपूर असल्याचे २०२४ मध्ये निष्पन्न झाले, पण मृत्यूचे एकमेव कारण ठरण्याइतके ते नाही. याहून अनपेक्षित गोष्ट वेगळीच होती. बेल्जियममध्ये आज हयात असलेल्या बीथोवन आडनावाच्या पुरुषांशी त्याचा पितृवंशीय गुणसूत्र जुळत नाही. १५७२ च्या सुमारापासून त्याच्या जन्मापर्यंतच्या पिढ्यांत कुठेतरी वंश विवाहबाह्य संबंधातून पुढे गेला होता. कोणत्या पिढीत, ते कळण्याचा मार्ग नाही. ज्या रक्ताच्या नावाने त्याने एका आईकडून मूल हिरावून घेतले, ते बीथोवनांचे रक्त त्याच्या स्वतःच्या अंगात नव्हते.

कार्लने १८३२ मध्ये सैन्य सोडले आणि लग्न केले. चार मुली आणि एक मुलगा झाला. मुलाचे नाव त्याने लुडविग ठेवले. काकांच्या वारशावर आणि पुढे दुसऱ्या काकांच्या पैशावर त्याने शांतपणे संसार केला. शिंडलरची पुस्तके निघत राहिली, त्याची बदनामी होत राहिली, पण आपल्या बाजूने त्याने एकही पुस्तक लिहिले नाही. १८५८ मध्ये तो व्हिएन्नात वारला. त्याची आई योहाना त्याच्यामागे दहा वर्षे जगली. मुलगा लुडविग पणजोबांसारखाच भानगडखोर निघाला. १८७२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने त्याला फसवणुकीबद्दल दोषी ठरवले, तोवर तो अमेरिकेत पोहोचला होता. त्याचा मुलगा कार्ल यूलिउस १९१७ च्या डिसेंबरमध्ये, महायुद्ध चालू असताना, व्हिएन्नाच्या लष्करी इस्पितळात मरण पावला. या शाखेत बीथोवन हे आडनाव लावणारा पुरुष त्यानंतर उरला नाही.